तळ्याकाठचे शहर, टँकरचे पाणी

२०१० च्या ऑक्टोबर महिन्यात तेव्हाच्या औरंगाबादेतील उद्योजक, डॉक्टर, बांधकाम व्यावसायिक आणि व्यापारी यांच्या एका गटाने एकाच वेळी दीडशे मर्सिडीज गाड्या घेतल्या. व्यवहार सुमारे ६५ कोटींचा होता. मराठवाड्यातल्या नव्या श्रीमंतीची बातमी म्हणून ती देशभर छापली गेली, आणि अजूनही शहराचा विषय निघाला की कुणीतरी त्या गाड्यांची आठवण काढते. त्या व्यवहारातली श्रीमंती मला तितकी महत्त्वाची वाटत नाही, जितकी त्यातली एकजूट वाटते. ही माणसे एकेकटी शोरूममध्ये गेली नाहीत. त्यांनी नावांची यादी केली, कंपनीशी एकगठ्ठा बोलणी केली, बँकेला समोर बसवून कर्जाचा दर खाली आणला. मोठ्या संस्थेकडून आपल्या अटी मान्य करून घेण्याची ताकद या शहरातल्या सुखवस्तू वर्गाकडे आहे, याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरा नाही. त्याच घरांतल्या नळांना तेव्हाही रोज पाणी येत नव्हते आणि पुढच्या काळात ते आणखी लांबत गेले. पाण्यासाठी मात्र अशी यादी कधी निघाली नाही. प्रत्येकाने आपल्या अंगणात बोअर घेतला, जमिनीखाली हौद बांधला, गच्चीवर टाक्या वाढवल्या आणि टँकरवाल्याचा नंबर मोबाइलमध्ये ठेवला. शहराच्या पाणीटंचाईची कारणे सांगताना धरणाची पातळी, जुन्या जलवाहिन्या, कंत्राटदार आणि राजकारण यांची नावे घेतली जातात, आणि ती बरोबरच आहेत. त्या यादीत आणखी एक कारण घातले पाहिजे असे माझे म्हणणे आहे. ज्यांचा आवाज ऐकला गेला असता त्यांनी सार्वजनिक पाण्यातून अंग काढून घेतले, आणि त्यामुळे सार्वजनिक पाण्याची वाट अधिकच अवघड झाली.

हे शहर तळ्यांचे आहे, हे मुंबई-पुण्याच्या माणसाला सांगितले तर पटत नाही. मराठवाडा म्हटले की डोळ्यांसमोर रिकामे हंडे येतात. पण दिल्ली दरवाजातून टीव्ही सेंटरकडे जाताना उजव्या-डाव्या हाताला दाट झाडी आणि पाणी दिसते. तो जुना खिजरी तलाव, ज्याला आता पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली यांचे नाव आहे. त्यांनी १९३१-३२ मध्ये निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली होती आणि हा जिल्हा तेव्हा त्याच संस्थानात होता, त्यामुळे हे नाव उपरे नाही. तळ्याला लागून हिमायतबाग आहे, मोगलकाळापासूनची फळबाग, जिथे आज कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र चालते. उत्तरेला थोडे पुढे खाम नदीवरचा हर्सूल तलाव, ज्याचे पाणी जुन्या शहरातल्या काही वॉर्डांना आजही मिळते. आमखास मैदानाजवळ कमळ तलाव होता, त्याचे आता नावच जास्त उरले आहे. आणि दक्षिणेला पैठणजवळ नाथसागर, जायकवाडीचा जलाशय, ज्याची एकूण साठवण शंभर टीएमसीच्या वर आणि उपयुक्त साठा साडेशहात्तर टीएमसीच्या आसपास आहे. शहराची पैसेवाली वस्ती यांपैकी एकाही तळ्याभोवती गोळा झालेली नाही. ती सिडकोच्या एन-१ मध्ये, एन-३, एन-४ मध्ये, ज्योतीनगर-उल्कानगरीत, बीड बायपासला आणि सातारा-देवळाईच्या टेकड्यांच्या पायथ्याशी पसरली आहे. तरीही मी तिला तळ्याकाठची वस्तीच म्हणेन. एन-१ मधल्या बंगल्याच्या स्वयंपाकघरातला नळ उघडला की जे पाणी येते ते नाथसागराचे. त्या घराचा काठ सुमारे चाळीस किलोमीटर लांब आहे आणि तो लोखंडी आहे, एवढाच फरक.

या काठावरचे रोजचे जगणे पाण्याच्या दिवसाभोवती फिरते. अमुक गल्लीला पाणी कधी आले, आता पुढचे कधी, मध्ये किती दिवसांचा गॅप पडला, हे घरातल्या प्रत्येकाला पाठ असते. चार दिवस, सहा दिवस, आठ दिवस, उन्हाळ्यात काही भागांत त्याहूनही जास्त. पाणी येण्याची वेळ लाइनमन सांगतो आणि ती सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पसरते. रात्री दोनला आले तर रात्री दोनला कुणीतरी उठून मोटार लावते. नळ सुरू असेपर्यंत जमिनीखालचा हौद भरून घ्यायचा, हौदातून गच्चीवर चढवायचे, पिण्याचे आरओला लावायचे. हौद भरला नाही तर बोअर, बोअर आटला तर टँकर, टँकरच्या पाण्यावर भरवसा नसला तर वीस लिटरचा जार. मोठ्या घरात ही साखळी इतकी सुरळीत चालते की मुलांना पाणीटंचाई हा शब्द भूगोलाच्या पुस्तकातला वाटावा. शॉवर चालू असतो, हिरवळ ओली असते, गाडी सकाळी धुतलेली असते. ती गाडी धुणारा माणूस आणि भांडी घासणाऱ्या बाई ज्या वस्तीतून येतात तिथे मात्र टंचाईवर असा दुसरा-तिसरा इलाज नसतो. २०१९ च्या उन्हाळ्यात मुकुंदवाडीतली लहान मुले कॅन घेऊन रेल्वेने शहराच्या मुख्य स्थानकावर जात, तिथल्या नळावर पाणी भरत आणि परतीच्या गाडीने घरी येत. जाऊन-येऊन चौदा किलोमीटर. परदेशी वृत्तसंस्थांनी त्याची बातमी केली तेव्हा जगाला ते कळले. मुकुंदवाडी सिडकोला चिकटून आहे. बंगल्यांच्या रस्त्यावरून तिथे पायी जाता येते.

पाणी हा एकेकट्याच्या ऐपतीचा विषय असतो, असे या गावाने पूर्वी कधी मानले नव्हते. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी, म्हणजे हेच शहर, वसवले आणि काही वर्षांतच उत्तरेच्या डोंगरांतले झरे व जमिनीखालचे पाणी गोळा करून ते गावात आणणारी नहर-ए-अंबरी बांधली. भुयारी कालवा, खापराचे नळ, मध्ये मध्ये दाब राखण्यासाठी आणि हवा सोडण्यासाठी उभारलेले बंब, आणि शेवटी चौकाचौकांतले हौद. पुढे त्यात थत्ते नहर आणि पाणचक्कीची नहर अशा आणखी नहरींची भर पडली. १७४४ च्या सुमाराची पाणचक्की तर त्या पाण्याच्या पडत्या जोरावर जाते फिरवत होती, म्हणजे एकच पाणी आधी दळणाला आणि मग हौदाला उपयोगी पडत होते. या नहरींत दोन गोष्टी मला विशेष वाटतात. पाणी उताराने येत असल्यामुळे ते आणायला इंधन लागत नव्हते, आणि सरदाराच्या हवेलीतला हौद व मोहल्ल्यातला हौद एकाच धारेवर होते. वर कुणी नहर फोडली किंवा तुंबवली तर हवेलीलाही कोरड पडे. त्यामुळे नहर नीट ठेवण्यात हवेलीचा स्वार्थ होता. त्या काळची समाजरचना काही समतेची नव्हती, आणि हवेलीला पाण्याचा वाटा जास्तच मिळत असणार. पण ज्याच्या हातात सत्ता होती त्याचे पाणी आणि रस्त्यावरच्या माणसाचे पाणी एकमेकांपासून तोडलेले नव्हते.

जायकवाडीच्या पाण्यानेही सुरुवातीला शहराला असेच एका धारेवर ठेवले. लालबहादूर शास्त्रींनी १९६५ मध्ये पायाभरणी केलेले हे धरण १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झाले, आणि शहराला ७०० मिलिमीटर व्यासाच्या जलवाहिनीतून त्याचे पाणी येऊ लागले. उद्योग वाढले, वाळूजमध्ये बजाजचा कारखाना उभा राहिला, सिडकोने नवे शहर आखले, तेव्हा नव्वदच्या दशकात १४०० मिलिमीटरची दुसरी वाहिनी आली. त्यानंतर लोकसंख्या वाढत गेली, २०११ च्या जनगणनेत महापालिका हद्दीत पावणेबारा लाख माणसे मोजली गेली, आणि वाहिन्या मात्र त्याच राहिल्या. समांतर जलवाहिनीसाठी २०११ मध्ये खासगी कंपनीशी करार झाला, ७९२ कोटींच्या त्या योजनेचा कारभार कंपनीने २०१४ मध्ये हाती घेतला, नागरिकांत असंतोष वाढला आणि २०१६ मध्ये महापालिकेने करार रद्द केला. मग १६८० कोटींची नवी योजना आली, डिसेंबर २०२० मध्ये तिचे भूमिपूजन झाले, खर्च वाढून २७४० कोटींवर गेला, अडीच मीटर व्यासाचे पाइप पैठण रस्त्याच्या कडेने पसरले, मुदती पुढे सरकत राहिल्या आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला या कामावर देखरेख ठेवावी लागली. हा इतिहास शहरात सगळ्यांना माहीत आहे. त्यातला एक धागा फारसा कुणी ओढून पाहत नाही. प्रत्येक योजना रखडली की त्या रखडण्याबद्दल सर्वांत आधी ज्यांना बोलता आले असते त्यांच्याच अंगणात आणखी एक बोअर पडला. सार्वजनिक योजनेच्या अपयशाची किंमत त्यांनी खासगी पैशातून चुकती केली, आणि मग त्या अपयशाबद्दल रस्त्यावर येण्याची निकड त्यांना राहिली नाही.

अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये 'एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी' नावाचे छोटे पुस्तक लिहिले. त्याला पडलेले कोडे नायजेरियातल्या रेल्वेचे होते. रस्त्याने ट्रक धावू लागल्यावर स्पर्धेमुळे रेल्वे सुधारेल अशी अर्थशास्त्राची अपेक्षा होती, प्रत्यक्षात रेल्वे बिघडतच गेली. हर्शमनने काढलेला निष्कर्ष असा की सेवेच्या दर्जाबद्दल सर्वांत जागरूक, सर्वांत जास्त कटकट करणारे गिऱ्हाईक आधी ट्रककडे निघून गेले आणि मागे जे उरले त्यांचे ऐकून घ्यायला रेल्वेला कारण उरले नाही. शिवाय ती सरकारी असल्याने गिऱ्हाईक गेल्याने तिचे दिवाळेही निघणार नव्हते. आपल्या शहराच्या पाण्याला हे वर्णन अक्षरश: लागू पडते. टँकर आणि बोअर यांनी महापालिकेशी स्पर्धा केली नाही, त्यांनी महापालिकेवरचा दाब कमी केला. एप्रिल २०२० मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि त्यानंतर कित्येक वर्षे निवडणूक न होता प्रशासक कारभार पाहत राहिले. वॉर्डातल्या माणसाने तक्रार घेऊन जायचे ते दारच बंद होते, आणि तरी सुखवस्तू वसाहतींतून त्याबद्दल मोठा आवाज उठला नाही. २०२२ च्या मे महिन्यात पाण्यासाठी शहरात मोठा राजकीय मोर्चा निघाला. त्या वर्षी झालेला ठोस निर्णय होता पाणीपट्टी चार हजारांच्या घरातून सुमारे निम्म्यावर आणण्याचा. पाणी कमी येते म्हणून पट्टी कमी, हा न्याय ऐकायला बरा वाटतो. पण ज्या घरात उन्हाळ्यातले काही टँकर वर्षाच्या पाणीपट्टीइतके पैसे घेऊन जातात, त्या घराला या सवलतीची गरज नव्हती, आणि ज्या यंत्रणेला पंप, गळती, व्हॉल्व्ह आणि माणसे यांवर खर्च करायचा होता तिचे उत्पन्न त्यामुळे घटले.

तळ्याच्या बाबतीतही हेच झाले. पाणी नळाने आणि टँकरने येऊ लागले की शेजारचे तळे हा पाहण्याचा विषय होतो. सलीम अली सरोवराबद्दलची चर्चा वर्षानुवर्षे जलपर्णी, सांडपाणी, फिरण्याची वाट, नौकाविहार हवा की नको, पक्ष्यांसाठी बंदिस्त ठेवावे की माणसांसाठी उघडावे, यांभोवती होते. या चर्चा निरर्थक नाहीत. पण तळ्याच्या वरच्या अंगाला पडलेला पाऊस कोणत्या नाल्याने तळ्यात येतो, त्या नाल्यात घराघरांचे सांडपाणी कुठे मिसळते, आजूबाजूच्या विहिरी-बोअरांची पातळी तळ्याशी कशी बांधलेली आहे, हे प्रश्न मागे राहतात. मुंबईच्या पवई तलावाची गोष्ट इथे आठवावी. तो १८९१ च्या सुमारास शहराला पाणी पुरवण्यासाठीच बांधला गेला. पाणी पिण्याजोगे राहिले नाही म्हणून तो पाणीपुरवठ्यातून बाद झाला, आणि शंभर वर्षांनी त्याच्या काठी मुंबईतली एक उंची वसाहत उभी राहिली, जिला तलाव खिडकीतून दिसतो आणि पाणी दूरच्या धरणांतून येते. बेंगळुरूत याचे टोक दिसले. बेल्लंदूर तलावाभोवती माहिती तंत्रज्ञानाच्या पैशातून भव्य संकुले झाली, त्यांचे सांडपाणी तलावात गेले, तिथे फेस रस्त्यावर आला आणि २०१५ व २०१७ मध्ये तलावावर आग लागली. २०२४ च्या उन्हाळ्यात याच शहरातल्या श्रीमंत संकुलांमध्ये पाणी तासांवर मोजून सोडावे लागले. तळे काठाशी असूनही तहान टळली नाही, कारण तळ्याचे काम कुणी तळ्याला करूच दिले नव्हते.

आमच्या शहरात हा फेरा आणखी घट्ट आहे. जटवाड्याच्या डोंगरात उगम पावलेली खाम हर्सूल तलावातून, शहरातून वाहत पुढे वाळूजच्या बाजूने गोदावरीच्या खोऱ्यात नाथसागराच्या दिशेने जाते. शहरात आलेल्या पाण्यापैकी साधारण ऐंशी टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते, असे पाणीपुरवठ्याच्या आराखड्यांत गृहीत धरलेले असते. त्यातले जितके कांचनवाडीच्या दिवसाला १६१ दशलक्ष लिटर क्षमतेच्या प्रकल्पात पोचते तितके शुद्ध होते. जे पोचत नाही ते नाल्यांतून खामेत उतरते. म्हणजे ज्या तळ्यातून शंभर मीटरहून जास्त चढ चढवून, फारोळ्याला शुद्ध करून, नक्षत्रवाडीला आणून पाणी घेतो, त्याच तळ्याकडे आपण आपले गटार सोडतो. नाथसागराला पक्षी अभयारण्याचा दर्जा १९८६ पासून आहे. तिथे येणारे रोहित आणि पैठण रस्त्यावरच्या नव्या फार्महाउसमधली माणसे एकाच पाण्याची भागीदार आहेत.

आता आकाशातल्या पाण्याचा हिशेब करू. शहरात वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. दोन हजार चौरस फुटांची गच्ची, म्हणजे साधारण १८६ चौरस मीटर. त्यावर सातशे मिलिमीटर पडले तर एक लाख तीस हजार लिटर होतात. उडून आणि वाहून जाणारे वीस टक्के सोडले तरी लाखभर लिटर उरतात. माणशी १३५ लिटर या शहरी पाणीपुरवठ्याच्या मानकाने चौघांच्या कुटुंबाला दिवसाला ५४० लिटर लागतात. म्हणजे एका बंगल्याच्या छपरावरचा पाऊस त्या घराची सहा महिन्यांची गरज भागवण्याइतका आहे. तो सगळा साठवता येणार नाही हे उघड आहे, कारण तो चार महिन्यांत आणि त्यातही मोजक्या दिवसांत कोसळतो. पण तो बोअरजवळ, विहिरीजवळ मुरवता येतो. काळ्या बेसॉल्टच्या या प्रदेशात जमिनीखालचे पाणी वरच्या मुरमाड थरात आणि खडकाच्या भेगांतच राहते. तिथे साठा थोडा, पण भरतोही लवकर आणि उपसला तर संपतोही लवकर. १३५ लिटरपैकी सुमारे ४५ लिटर केवळ शौचालय धुण्यासाठी जातात असे मानक सांगते, आणि त्यासाठी फारोळ्याच्या शुद्ध पाण्याची काही गरज नाही. पाचशे चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांवर पर्जन्यजल संधारण राज्याच्या बांधकाम नियमांत सक्तीचे आहे. म्हणजे ज्यांच्याकडे गच्ची मोठी, भूखंड मोठा, पैसा आहे आणि कायदाही ज्यांना बांधतो, त्या घरांत हे काम सर्वांत आधी व्हायला हवे होते. नकाशावर खड्डा दाखवून परवानगी घ्यायची आणि पुढे त्यावर फरशी टाकायची, ही पळवाट महापालिकेने रोखली पाहिजे आणि वसाहतींनी स्वतःहून सोडली पाहिजे.

यावर पहिला आक्षेप असा येतो की आम्ही आमच्या पैशाने पाणी घेतो, कुणाच्या तोंडचे हिरावत नाही. हा आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर द्यायला हवे. टँकरचे पाणी आकाशातून पडत नाही. ते शहराबाहेरच्या कुणाच्या तरी विहिरीतून, बोअरमधून येते, आणि ती विहीर ज्या भेगेतून पाणी ओढते तीच भेग शेजारच्या शेतकऱ्याच्या विहिरीला पाजत असते. अंगणातला सहाशे फुटी बोअर फक्त अंगणाखालचे पाणी घेत नाही. म्हणूनच महाराष्ट्राच्या भूजल कायद्याने ६० मीटरपेक्षा जास्त खोल विहिरींचा वेगळा विचार केला. पैसे मोजल्याने पाणी वापरायचा हक्क मिळतो, ते संपवायचा मिळत नाही. २०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, त्याच दिवसांत उच्च न्यायालयाने औरंगाबादच्या मद्यनिर्मिती उद्योगांचे पाणी निम्म्याहून अधिक कापले. ते उद्योगही पाण्याचे पैसे देतच होते. न्यायालयाने त्यांचा वापर कापण्याचे कारण पैशाशी संबंधित नव्हते, पिण्याच्या पाण्याच्या प्राधान्याशी होते. हेच प्राधान्य हिरवळ, गाडी आणि जलतरण तलाव यांनाही लागू व्हायला कोणती अडचण आहे?

दुसरा आक्षेप मोठ्या आशेतून येतो. नवी योजना पूर्ण झाली की हा सगळा वाद संपेल. ती पूर्ण व्हावीच, आणि लवकर व्हावी. तिच्या यशावर या शहरातल्या लाखो गरीब घरांचे आरोग्य अवलंबून आहे. पण नाथसागर भरलेला असणे हे आपल्या हातात नाही. वरच्या बाजूला नाशिक-अहिल्यानगरची धरणे आहेत, आणि ती भरल्यावर खाली किती सोडायचे याचा वाद दर तुटीच्या वर्षी पेटतो. मेंढेगिरी समितीने २०१३ मध्ये त्याचे सूत्र ठरवले, न्यायालयाने ते उचलून धरले, तरी ऑक्टोबर उजाडला की दोन्हीकडची माणसे मोजपट्टी घेऊन उभी राहतात. अडीच मीटरच्या पाइपला धरणात पाणी लागतेच. आणि जास्त पाणी आले की जास्त सांडपाणी तयार होणार, तेही तितक्याच मोठ्या पाइपने नेऊन शुद्ध केले नाही तर खामेतून नाथसागरात परत जाणार. शिवाय मोजणीशिवाय चोवीस तास पाणी हे काही दिवसच टिकते. ज्याच्याकडे दोन मजली हौद आहे तो नळाला मोटार लावून सगळे ओढून घेईल आणि रस्त्याच्या शेवटच्या घराच्या नळाला हवा येईल. योजना नवी आणि सवय जुनी राहिली तर पाइप कितीही मोठा असला तरी टोकाच्या घराला फरक पडणार नाही.

तिसरा आक्षेप तांत्रिक आणि रास्त आहे. सलीम अली सरोवराने किंवा हर्सूलने शहराची तहान भागत नाही. हर्सूलमधून मिळते ते शहराच्या रोजच्या गरजेचा छोटा अंश. पण तळ्याचे काम फक्त पिण्याचे पाणी देण्याचे नाही. मुसळधार पाऊस अडवणे, सभोवतीच्या खडकात पाणी मुरवणे, बागा-बांधकामांना पाणी देणे, पक्ष्यांना जागा देणे, उन्हाळ्यात आजूबाजूची उष्णता कमी करणे, ही सगळी कामे तळे एकाच वेळी करते. नाथसागराला इतक्या दूरवरून शहरासाठी यातली बहुतेक कामे करता येत नाहीत. ज्या शहरात २०१८ मध्ये कचऱ्याचे ढीग रस्त्यावर साचले आणि नारेगावचा डेपो बंद झाल्यावर गल्लीबोळांत कचरा जाळला गेला, त्या शहराला गटार आणि कचरा तळ्यात न जाऊ देण्याचे महत्त्व वेगळे समजावण्याची गरज नसावी.

आणि शेवटचा आक्षेप, जो बहुतेक वेळा मनात राहतो, तो असा की सगळा दोष सुखवस्तूंच्या माथी का. अनधिकृत नळ इतरही घेतात, पट्टी इतरही बुडवतात. खरे आहे. फरक ताकदीचा आहे. मुकुंदवाडीतली कुटुंबे रेल्वेने पाणी आणत होती तेव्हा त्यांच्याकडे दुसरा पर्याय नव्हता. एन-१ मधल्या घराकडे तेव्हाही होता आणि आजही आहे. ज्याला पर्याय आहे त्याने पर्याय निवडला तर त्याला दोष देता येत नाही, पण तो निवडताना मागे काय सोडले याचा हिशेब मात्र त्याने द्यायला हवा. आणि हे शहर तो हिशेब देऊ शकते याचा पुरावाही इथेच आहे. खाम नदीच्या पुनरुज्जीवनाची मोहीम २०२१ च्या सुमारास सुरू झाली तेव्हा महापालिका, छावणी परिषद, पर्यावरणावर काम करणारी एक संस्था आणि शहरातला एक मोठा उद्योग एकत्र आले. कचरा उचलला, काठ मोकळे केले, झाडे लावली, दर आठवड्याला माणसे नदीवर येऊ लागली. या कामाची दखल जगातल्या शहरांच्या एका नामांकित पुरस्काराने अंतिम फेरीत घेतली. काम अपुरे आहे, नाल्यांचे सांडपाणी अजून पूर्ण थांबलेले नाही. तरी उद्योगाचा पैसा आणि महापालिकेची यंत्रणा एका सार्वजनिक पाण्यासाठी एकत्र काम करू शकतात, हे या शहराने करून दाखवले आहे.

मग वसाहतींनी काय मागावे आणि काय द्यावे, हे सांगणे अवघड नाही. मागणी अशी की नव्या जलवाहिनीच्या वितरणात मीटर सर्वांत आधी मोठ्या भूखंडांना आणि बहुमजली संकुलांना बसवावेत, जास्त वापराला दर चढता असावा, आणि त्या पैशातून टोकाच्या वस्त्यांची वाहिनी व गळती दुरुस्त व्हावी. वॉर्डनिहाय किती पाणी सोडले आणि किती पोचले याचा आकडा दर आठवड्याला महापालिकेने जाहीर करावा. सलीम अली सरोवरात आणि हर्सूलच्या पाणलोटात येणाऱ्या प्रत्येक नाल्याचे सांडपाणी वळवण्याचा वेळापत्रकासह आराखडा मागावा आणि त्या कामाच्या देखरेखीवर आपली माणसे बसवावीत. देण्याचे असे की आपल्या संकुलातले पर्जन्यजल संधारण खरेच चालते का याची तपासणी स्वतःहून करून घ्यावी, बागेला आणि गाडीला शुद्ध पाणी वापरणे बंद करावे, घराघरातले बोअर नोंदवून त्यांची पातळी पावसाळ्याआधी आणि नंतर मोजावी, आणि नळाला थेट मोटार लावणाऱ्याला आपल्याच सोसायटीने थांबवावे. यासाठी वसाहतीतल्या एका सभेत सगळ्या घरांची नावे लिहून महापालिकेसमोर ठेवावी लागतील. दीडशे गाड्या घेताना जी यादी तयार झाली होती, तशीच. त्या यादीत मुकुंदवाडी आणि सातारा-देवळाईतल्या गुंठेवारी वसाहतींची नावेही त्याच कागदावर, त्याच क्रमाने आली पाहिजेत. महापालिकेने बंगल्यांची मागणी मान्य केली आणि तिथेच थांबली, तर पाणी पुन्हा बंगल्यांच्या हौदात जाईल आणि पाणी भरायला निघालेली मुले पुन्हा मुकुंदवाडी स्थानकाच्या फलाटावर कॅन घेऊन उभी राहतील.